आपला गिलास आपल्यापाशी

तातेरावांच्या छातीत दोन स्टेंट बसले त्याला दीड महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत अंबरपेठेतली अख्खी गल्ली त्यांना बघून गेली, देगलूरचे पाहुणे येऊन गेले, वरच्या मजल्यावरचे रेड्डीगारू तर तीनदा आले. आला नव्हता तो एकच माणूस, आणि तातेरावांचा जीव नेमका त्याच्यात अडकलेला. केशवराव साहेब! नारायणगुड्याच्या कचेरीत एकतीस वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली ते सुपरिंटेंडंट. "साहेब म्हणजे माझे थोरले भाऊच," असं तातेराव येईल त्याला सांगायचे. आता थोरला भाऊ एकतीस वर्षांत एकदाही धाकट्याच्या उंबऱ्यावर कसा फिरकला नाही, हे कुणी विचारायचं? विठाबाईनं विचारलं असतं. तिची जीभ काही लोण्याची नव्हती. पण दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी तिलाच बाजूला घेऊन बजावलं होतं, "अम्मा, यांना मनाला लागेल असं काही बोलू नका." तेव्हापासून बिचारी अर्धी वाक्यं गिळूनच दिवस काढत होती.

आणि शुक्रवारी फोन आला. तातेराव बोलताना खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर बोलायला कशाला उभं राहायचं, पण सवय! फोन ठेवला आणि लहान मुलासारखे स्वयंपाकघरात आले.

"विठा, साहेब येतायत. रविवारी दुपारी. जेवू घालूनच पाठवायचं त्यांना. माझी एवढी एकच इच्छा आहे बघ."

"जेवतील का?" हे विठाबाईच्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिनं ते चावलं आणि म्हणाली, "काय करू मग? वांगं करू का?"

तातेराव मोठे सल्ल्याचे माणूस. कुणाशी कसं वागावं आणि तब्येत कशी राखावी, या दोन गोष्टींवर ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगू शकायचे. कचेरीतल्या निवृत्त लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता, बेचाळीस माणसांचा. तिथं रोज सकाळी सहाला 'तातेरावांचा आरोग्यमंत्र' पडायचा. घरातून निघताना आपला गिलास आपल्यापाशी ठेवावा, कावीळ होत नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर शांतपणे जेवावं, घाईतलं अन्न पचत नाही. कुणाकडे गेलं की दाराजवळच्या खुर्चीत बसावं, हवा लागते. कुणी काही बोललं तर दहा आकडे मोजावेत, बीपी चढत नाही. लोक खाली अंगठे टाकायचे, फुलं टाकायचे. मुलगा गौतम कुकटपल्लीच्या कंपनीत पहिल्यांदा कामाला निघाला तेव्हा त्यालाही हेच सगळं सांगून झालं. तो हसला. "पप्पा, आजकाल सगळेच आपली बॉटल कॅरी करतात. यात काय नवं?" तातेरावांना फार बरं वाटलं. बघा, मी जे तेव्हा सांगत होतो तेच आता जग करतंय!

विठाबाईला मात्र हे मंत्र कुठून आले ते माहीत होतं. लग्नाला चार वर्षं झाली असतील. कचेरीत झाडलोट करणारी गंगू बाजारात भेटली आणि भाजी निवडता निवडता सांगून गेली. तातेराव नवे लागले तेव्हा पहिल्याच दिवशी माठावरचा गिलास उचलून पाणी प्याले. कुणी एका शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी माठावर कुलूपबंद झाकण, आणि बाहेर खिडकीत एक वेगळा गिलास. तिसऱ्या दिवसापासून हा माणूस घरून गिलास न्यायला लागला, आणि विचारलं की सांगायचा, कावीळ होत नाही. जेवणाचं तेच. खुर्चीचं तेच. विठाबाई त्या रात्री जेवली नव्हती. पण नवऱ्याला तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगून सांगून आता यांना ती खरीच वाटत असेल. वाटू दे. तेवढ्यावर माणूस ताठ चालतोय ना!

रविवारी ती पहाटेच उठली. मटणाचं नाव काढलं नाही, उगाच निमित्त नको. भरली वांगी, तेही दोन चमचे तेलात. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि गव्हाची खीर. काचेचे नवे गिलास आणले. हॉलमधल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोवरची धूळ पुसली, ताजा हार घातला. तातेराव इस्त्रीचा शर्ट घालून अकरापासून खिडकीत उभे. "बसा की हो," ती दोनदा म्हणाली. ते काही बसले नाहीत.

साडेबाराला गौतम त्यांना रस्त्यावरून घेऊन आला. केशवराव सत्तरीचे, पण टुणटुणीत. पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, सरळ बाबासाहेबांच्या फोटोसमोर गेले आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटून उभे राहिले.

"केवढा मोठा माणूस!" ते म्हणाले. "यांच्यामुळे देश उभा आहे, तातेराव."

तातेरावांचे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला बोला, विठाबाईचंही मन तेवढ्यापुरतं विरघळलं. तिला स्वतःची लाज वाटली. उगाच आपण इतकी वर्षं या माणसाला मनात शिव्या घातल्या. काळ बदलतो, माणूस बदलतो. ती लगबगीनं आत गेली आणि ट्रेमध्ये पाण्याचे गिलास घेऊन आली.

केशवराव तोपर्यंत दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ट्रे समोर आला तसा त्यांनी तळहात पुढे केला आणि पिशवीतून बाटली काढली.

"वहिनी, तुमच्या यजमानांचाच मंत्र! आपलं पाणी आपल्यापाशी. यांनीच तर शिकवलं आम्हाला."

आणि घटाघटा प्याले. तातेराव मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं हसायला त्यांना डॉक्टरांनी मना केलं होतं.

ट्रे हातात तसाच. विठाबाईला वाटलं, हा सगळा ट्रे उचलून या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतावा. ती आत गेली, ट्रे ओट्यावर ठेवला, नळाखाली हात धरून उभी राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, असू दे, पाणी नाही तर नाही. निदान दोन घास. यांची तेवढी एक इच्छा आहे.

तिनं ताट वाढलं. केशवरावांनी ताटाकडे पाहून "वा, वा, वा" असं तीनदा म्हटलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"डॉक्टरांनी बाहेरचं एकदम बंद केलंय हो. तेल, मीठ, काही नाही."

"तेल दोनच चमचे घातलंय, भाऊ," विठाबाई म्हणाली. "आमच्या घरातच पेशंट आहे. तुम्हाला वेगळं काय देणार? खीर तरी चाखा. नुसतं बोट लावा."

"वहिनी, वासानंच पोट भरलं. मनानं जेवलो असं समजा."

"साहेब," तातेराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "एक घास घ्या. माझ्यासाठी."

केशवरावांनी घड्याळ पाहिलं. मग गौतमकडे वळून म्हणाले, "गौतम बाबू, एक फोटो काढा आमचा. नको नको, ताट राहू द्या समोर. चांगला येतो."

गौतमनं साहेबांच्याच फोनवर फोटो काढला. दोघे शेजारी शेजारी, खांद्यावर हात, समोर भरलेलं ताट. पाच मिनिटांनी केशवराव उठले. जाताना तातेरावांना म्हणाले, "ताण घ्यायचा नाही. मिळून-मिसळून राहायचं. बाकी तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तर आमचे गुरू!" गौतम त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेला.

तो अर्ध्या तासानं परत आला, हसत हसत.

"पप्पा, अंकल एकदम भुक्कड निघाले! कोपऱ्यावरच्या बंडीवर मिरची भज्जी खाल्ली, चार. वर चहा मारला. मी बोललो, अंकल, डॉक्टर? तर बोलले, कधीतरी चालता है. पाणी पण तिथलंच प्याले, त्याच्या ड्रममधलं. हायजीन वगैरे सब हवा!"

पोराला काही कळलेलं नव्हतं. तो हात धुऊन ताटावर बसला आणि केशवरावांसाठी वाढलेलं वांगं चवीनं खायला लागला. विठाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तातेराव पंख्याकडे बघत होते.

"ऐकलंत?" ती म्हणाली. डॉक्टर गेले खड्ड्यात. "रस्त्यावरचं पाणी चाललं त्याला. माझ्या घरचं नाही चाललं. तुमच्या थोरल्या भावाला! अजून लिहा मंत्र, उद्या सकाळी सहाला. गंगूनं मला तेव्हाच सांगितलं होतं त्या खिडकीतल्या गिलासाचं. तुमचं मन मोडू नये म्हणून मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले."

तातेरावांनी पंख्यावरची नजर काढली नाही.

"मला माहीत नव्हतं का, विठा?"

"काय?"

"खिडकीत गिलास साहेबांनीच ठेवला होता. स्वतःच्या हातानं. मी बघितलं." ते थांबले, श्वास घेतला. "काय करायचं होतं मी? नोकरी सोडायची होती? गौतमला कुठल्या पैशानं शिकवलं असतं? म्हटलं, त्यांनी गिलास देण्यापेक्षा आपणच न्यावा. निदान आपण नेला असं होतं. कावीळ काय, हवा काय, काहीतरी कारण लागतं ना माणसाला. पण आता रिटायर झालो. मरता मरता वाचलो. म्हटलं, आता तरी."

गौतमचा घास हातातच राहिला. तो एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होता.

आता तरी! म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि तो एकटाच ते घेऊन रोज त्या कचेरीत जात होता, आणि ती इकडे त्याला भोळा समजत होती. तिला त्याचा राग आला आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही करायच्या आत टीपॉयवरचा तातेरावांचा फोन वाजला.

ग्रुपवर केशवरावांनी तो ताटाचा फोटो टाकला होता. विठाबाईनं फोन उचलून खालचं वाचलं. 'आज आमचे तातेराव यांच्या घरी स्नेहभोजन. वहिनींच्या हातची गरम भाकरी आणि वांगं, तृप्त झालो. जातपात विसरून माणुसकी जपणारी आमची कचेरी!' खाली धडाधड अंगठे पडत होते. कुणी लिहिलं, 'ग्रेट साहेब.' कुणी लिहिलं, 'तुमच्यासारखी मोठ्या मनाची माणसं आज कुठे आहेत.'

देगलूरच्या बहिणीला ती रोज आवाजाचा मेसेज पाठवायची. कुठलं बटण दाबायचं ते तिला चांगलं माहीत होतं. तिनं ते दाबलं आणि फोन तोंडापाशी धरला.

"मी तातेरावांची विठाबाई बोलते. केशवराव आमच्या घरी जेवले नाहीत. पाण्याला शिवले नाहीत. ताट फोटोपुरतं होतं. कोपऱ्यावर जाऊन भज्जी खाल्ली. एकतीस वर्षं माझ्या नवऱ्याला वेगळ्या गिलासात पाणी पाजलं, त्याची माणुसकी माझ्या दारात सांगू नका."

आणि सोडलं. छातीत असं मोकळं वाटलं की काय सांगावं. गौतम म्हणाला, "मम्मी!" त्याच्या आवाजात भीती नव्हती, उलट काहीतरी दुसरंच होतं.

तातेराव उठले. सावकाश आले आणि तिच्या हातातून फोन घेतला. ओढला नाही, नुसता घेतला. चष्मा लावला.

"अहो, काय करताय?"

"दहा जणांनी ऐकलंय," ते म्हणाले. त्यांनी बोट ठेवून मेसेज पुसला, सगळ्यांसाठी. मग उभ्या उभ्याच टाइप करायला लागले, एकेक अक्षर शोधत. गौतम मागून वाकून बघत होता, पण त्याला मराठी धड वाचता येत नव्हतं. "काय लिहिताय पप्पा? वाचा ना," तो म्हणाला.

तातेरावांनी वाचून दाखवलं. "घरच्यांची तब्येत बरी नाही. चुकून मेसेज गेला. राग नसावा. साहेब, पुन्हा या."

"पप्पा, कायकू?" गौतम ओरडला. "कायकू सॉरी बोलता?"

"साहेब सोडले तर हे सगळे दवाखान्यात आले होते रे," तातेराव म्हणाले. "माझ्यापाशी हेच आहेत. दुसरे कुठून आणू आता?" ते खुर्चीत बसले. हुंदका आला तो त्यांनी खोकल्यासारखा काढला.

बोलण्यासारखं विठाबाईचं बोलून झालं होतं, आणि ते आता कुठेच नव्हतं.

फोन पुन्हा वाजायला लागला. वहिनींना नारळपाणी द्या. बीपी तपासून घ्या. साखर बघितली का? उन्हाचं होतं असं कधी कधी. रोज अर्धा तास चालायला सांगा, चिडचिड कमी होते. केशवरावांनी लिहिलं, 'वहिनींना जपा, तातेराव. या वयात बायकांचं मन हळवं होतं. माझ्या मनात काही नाही.' तातेराव एकेकाला हात जोडलेलं चित्र पाठवत राहिले.

चार वाजेपर्यंत सव्वीस जणांनी विठाबाईला लवकर बरं व्हायला सांगितलं. केशवराव जेवले की नाही, हे एकानंही विचारलं नाही.