गिटारवरचा चौथा ओरखडा

"हे बघ. आज परत एक," म्हणत दत्ताने गिटार ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

"मांजर चढलं होतं काका," अक्षय म्हणाला.

"परवा कुत्रा व्हता ना रं?"

"दोघं एकत्रच राहतात."

दत्ता दहिवलीत गाड्यांना रंग आणि पॉलिश मारायचा. तीन दिवसांपूर्वी गिटार दुकानात आली, तेव्हा सवयीने त्याने विचारलं होतं, "पुढनं ठोकली का मागनं?" अक्षय हसला नव्हता. तो शेलूच्या नव्या टॉवरमध्ये एकटा राहायचा, घरूनच नोकरी करायचा. दिवसभरात त्याच्याशी फक्त लिफ्ट बोलायची, तीही मजला सांगण्यापुरती.

रोज संध्याकाळी तो स्कूटरवरून यायचा. दत्ता तारा सैल करायचा, भोकावर कागद चिकटवायचा, जुन्या बनियनच्या बोळ्यावर चिमूटभर पॉलिशचं कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासत राहायचा. मधूनच हाऽ करून वाफ सोडायची, की उरलासुरला ओरखडा दिसतो. तासभर जायचा. तेवढा वेळ अक्षय स्टुलावर बसून बोलायचा. दत्तालाही बरं वाटायचं. गाडीवाले किल्ली टाकून निघून जातात, आणि बोनेट उत्तर देत नाही. दत्ताने दोनतीनदा बोलून पाहिलं होतं.

आजचा हा चौथा ओरखडा. जुन्या ओरखड्यात मळ बसतो, तो काळा दिसतो. हा पांढराशुभ्र होता, शिवाय पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ. इतकं टापटीप मांजर अख्ख्या कर्जत तालुक्यात नव्हतं.

दत्ताला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो गप्प राहिला, कारण तिसऱ्या दिवशीही कुणीतरी यायला हवं होतं. पण गिटारवरच्या चकाकीचा थर कागदाएवढा, तोही घासून घासून पार झिजलेला. त्याने बोळा खाली ठेवला.

"अक्षय, आता बास. अजून घासली तर लाकूड उघडं पडंल."

"मग?"

"मग काय. तिला घरी ठेव. मांजराला सांग, आता नको. आन् तू असाच येत जा की."

अक्षयचे कान लाल झाले. "येईन ना काका," म्हणत त्याने गिटार पिशवीत घातली. चेन दोनदा अडकली.

कामाशिवाय कुणाकडे जाणं भलतंच अवघड असतं. आठ दिवस तो आला नाही. दत्ता रोज स्टूल पुसून ठेवायचा. त्यावर एकदा एक गिऱ्हाईक बसलं, तर त्याला त्याने उठवलं.

नवव्या दिवशी दत्ताने शटर ओढलं, अंगावर धुतलेला शर्ट चढवला आणि शेलू गाठलं. टॉवरच्या वॉचमनने वही पुढे केली.

"कुणाकडं? काय काम हाय?"

काम काहीच नव्हतं. दत्ताने खिशातून कंपाउंडची डबी काढून टेबलावर ठेवली.

"गिटारची सर्विसिंग. पैली फ्री असती."

वॉचमनने इंटरकॉम लावला, नाव सांगितलं, काम सांगितलं. मग त्याने रिसीव्हरवर हात ठेवला.

"साहेब इचारतात, किती वेळ लागंल?"

दत्ताने शर्टाची वरची गुंडी लावली.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "लागंल बराच."