उसना गेलेला पाळणा

मी पाळणा बोलतोय. उगाच कोपऱ्यात पडलेला नव्हे बरं का. खाऊनपिऊन सुखी, सात-आठ घरं फिरलेला पाळणा.

मला घडवलं एका सुताराने, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. दिवसभर तो लोकांची दारं-खिडक्या करायचा आणि संध्याकाळी मला घासत बसायचा. बाळाला कुसळ टोचू नये म्हणून माझी एकेक कड त्याने स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली. बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ती ‘बाई’. तिने गादी शिवली. मग दोघं वाट पाहू लागली.

वर्षं गेली, बाळ काही येईना. माझ्यात घड्या न केलेले कपडे साठू लागले. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून परतल्यावर बाई माझ्याकडे न बघताच आत जायच्या. तिथे कुणीतरी नेमकं विचारायचंच, "काय, गोड बातमी कधी?"

एके दिवशी शेजारची नर्स दारात आली. "वहिनी, माझ्या बहिणीचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलंय. काहीच तयारी नाही हो. पाळणा देता का?"

"बघते," म्हणून बाईंनी दार लावलं. माझ्यातले कपडे भराभरा जमिनीवर फेकले आणि माझी कड धरून खाली बसल्या.

"प्रभू, मी तुझ्याकडे बाळ मागितलं, आणि तू माझा पाळणाच मागतोस? ऐकतोस तरी का माझं?"

उत्तर आलं नाही. मी तिथेच होतो, खरंच आलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, मग ओल्या फडक्याने मला पुसलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, एक बाजू धरा. शेजारी पोचवायचाय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा बाळाचं वजन कळलं. एवढंसं! पण माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

मग माझा पाय घरात ठरेना. आज पोस्टमनकडे, उद्या शिंपिणीकडे. दर वेळी बाई सोबत यायच्या, माझ्यावर हात ठेवून दुसऱ्याच्या लेकरासाठी प्रार्थना करायच्या. घरी जाऊन कधी कधी रडायच्याही. दोघांनी दत्तकासाठी अर्ज केला होता. "कागद पुढे सरकलेत" याखेरीज काही कळत नव्हतं.

मी बेकरीवाल्याकडे होतो, पोटात जुळी घेऊन, तेव्हा बाई धापा टाकत आल्या. "फोन आला! मुलगी आहे, चार महिन्यांची. उद्या आणायला बोलावलंय!"

बेकरीवाला पिठाच्या हातांनीच जुळ्यांना उचलायला धावला. "वहिनी, पाळणा आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

बाईंनी माझी कड धरली. घट्ट धरली. मग हळूच सोडली.

"राहू द्या. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"अहो, पण इतकी वर्षं थांबलात!"

"म्हणूनच तर. सराव झालाय आता," म्हणत त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

सुताराने कपाटाचा मोठा खण काढून त्यात गादी घातली. लेक त्यातच झोपायला शिकली. मी दोन महिन्यांनी घरी पोचलो, तर आमच्या या छोट्या बाईसाहेब माझ्यात महिनाभरच टिकल्या. आता माझा दांडा धरून उभ्या राहतात आणि मला गदागदा हलवतात.

मला त्याचं दुःख नाही. ज्या घराने स्वतःची झोळी रिकामी असताना मला दुसऱ्याच्या दारी पाठवलं, त्या घराचा मी पाळणा आहे. हा मान काही थोडा नाही.

उद्या बसचालकाकडे जायचंय. तुमच्याकडे बाळ येणार असेल तर खुशाल या, संकोच करू नका. नेताना तेवढी आमच्या लेकीची बोटं हळूच सोडवा.