चिमणीचं दार

आमचा बाबा बोट बांधतोय हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण सुट्टीच्या सकाळी त्याचा रंधा चालू झाला की कुणाची झोप शिल्लक राहत नाही. बाबा विमा कंपनीत कारकून आहे. त्याला पोहता येत नाही. "म्हणून तर बोट," असं तो म्हणतो.

गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. तिथे बोट आहे, आणि त्या शनिवारी बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकात मी होते. गुडघे हनुवटीला, हातात फडकं, नाकात एपॉक्सी गोंदाचा वास. वरून बाबा बोटीच्या माथ्याची, म्हणजे डेकची फळी बसवत होता. फळी बसताना आतून आधार द्यायला आणि सांध्यातून ओघळणारं एपॉक्सी पुसायला कुणीतरी आत लागतं. आमच्या घरात 'कुणीतरी' म्हणजे मी.

"बाबा, मला बस आहे हां. मॅच आहे."

"माहितीये गं चिमणे. म्हणून तर एपॉक्सीत लवकर सुकवणारा हार्डनर घातलाय. ते पटकन धरेल, तू पटकन सुटशील."

व्हॉलीबॉलची मॅच. गेल्या वर्षी मी बाकावर बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायचे. मग सुट्टीत काय झालं कोण जाणे, मी ताडमाड वाढले आणि बाईंनी मला थेट नेटपाशी उभं केलं. तेव्हापासून माझा आवाजही वाढलाय असं मैत्रिणी म्हणतात. वाढलाय. आज मी पहिल्यांदा खरी मॅच खेळणार होते, आणि मी नसले तर माझ्या जागी 'बुटकी' उतरणार होती. ती गोड मुलगी आहे, पण नेट तिच्या डोक्यावरून जातं.

बाबाने शेवटचा स्क्रू आवळला. "झालं. ये बाहेर."

बाहेर यायला डेकच्या त्या फळीत एक गोल भोक आहे. घरात त्याला चिमणीचं दार म्हणतात, कारण दोन वर्षांपूर्वी बाबाने मला प्लायवर आडवं झोपवून माझ्या खांद्यांभोवती पेन्सिल फिरवून तेवढंच ते कापलं होतं. आज आत शिरताना मात्र मी उघड्या माथ्यातून शिरले होते. दाराकडे कुणी बघितलंच नव्हतं.

डोकं आलं. एक हात आला. दुसरा खांदा आला नाही. मी दोन्ही हात वर करून बघितलं, श्वास सोडून बघितलं, तिरकी होऊन बघितलं. बरगड्या कडेला घासल्या आणि मी परत खाली बसले.

"तेल लावू का?" बाबाने विचारलं.

"मी काय बिजागरी आहे?"

आई दारात आली. "कुणी अडकलंय का?"

"नाही," बाबा म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

बाबाने सगळे स्क्रू परत काढले, फटीत पटाशी घातली, हातोडीने ठोकलं. फळी जागची हलली नाही. "काय धरलंय बघ," तो म्हणाला, आणि खोटं कशाला सांगू, त्याच्या आवाजात कौतुक होतं.

आतून सगळं वेगळं दिसतं. म्हणजे दिसतच नाही. डोक्यावर उजेडाचं ताट, बाकी चहूकडून लाकूड. पाय कुठेही ताणला तरी बोट. माझ्या पावलाला मुंग्या आल्या होत्या आणि मान ताठ करता येत नव्हती. मी, जिला आता कुठल्याही मुलीच्या डोक्यावरून पलीकडचं दिसतं, ती मी, पेटीत मुडपून ठेवलेल्या सतरंजीसारखी बसले होते.

"बाबा, काप."

बाबाचा चेहरा उजेडाच्या ताटात आला. "हे बघ चिमणे. आता कापलं तर सांधा हलेल. उद्यापर्यंत कडक होऊ दे, मग नीट कापू. आई तुला जेवण आत देईल. उशी देतो."

"मॅच आज आहे."

"पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मी याहून मोठी असेन."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्याने समजूत काढली असती. त्यात तो पटाईत आहे. तो नुसता फळीवरून हात फिरवत राहिला. त्या फळीला त्याने किती वेळा पॉलिशपेपर मारलाय ते मला माहीत होतं, कारण निम्म्या वेळा मीच मारला होता.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. आई म्हणाली, "मी ड्रायव्हरला थांबवते. तुम्ही दोघं काय ते उरका," आणि चपला फटफटवत गेली.

बाबाने कानावरची पेन्सिल काढली. भोकाबाहेर बोटभर अंतरावर गोल आखला.

"अजून," मी म्हणाले.

त्याने आणखी थोडा मोठा आखला.

"बाबा, अजून."

"अगं, एवढ्यातून पाणी शिरेल."

"टेप टाक. माप घे माझं."

मी दोन्ही खांदे दारापाशी आणले. त्याने टेप लावली, आकडा वाचला, टेप उचलून परत लावली. मग भला थोरला गोल आखला आणि बारीक करवत चालवायला घेतली. भुसा माझ्या केसांत, पापण्यांत, तोंडात. मी डोळे मिटून खालून फळीला आधार दिला. सवयच तशी.

शेवटचा तुकडा सुटला. मी उभी राहिले तर सरळ कमरेपर्यंत बाहेर.

बूट, बॅग, पळत सुटले. गॅरेजच्या दारातून वळून बघितलं तर बाबा सांधा तपासायला नव्या दारातून डोकं आणि दोन्ही खांदे आत कोंबून वाकला होता.

"चिमणे," आतून आवाज आला, दबका, माझा येत होता तसाच. "जरा मागून ओढतेस का?"

"आई येतेय," मी म्हणाले, आणि बसकडे धावले.