चाळीस मिनिटांचे पाय

अंगठ्याचं नख... पिवळं, जाड, कडेनं वळून मांसात रुतलेलं, आणि त्याखाली साचलेला करडा मळ, जो टोकरताना तिनं नेहमीसारखा श्वास रोखून धरला, कारण कोमट पाण्यातून वर येणारा वास थेट घशात उतरतो आणि मग दिवसभर घासाघासाला तोच. शी! कुणाचेही असोत, भिजले की पाय सगळे सारखेच.

हे काम का धरलंस, असं ज्यानं त्यानं विचारलं. नणंदेनं तर नाक मुरडून — "लोकांचे पाय धुवायला जाणार? घरी काय कमी आहे?" सगळ्यांना तिनं एकच उत्तर दिलं, वेळ आपल्या हातात राहतो. खरं कुणाला सांगणार, की घरी पायच कमी नव्हते... अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे, आठ वर्षं, सकाळ-संध्याकाळ, आणि वर "जरा नीट चोळ" — त्यांना शेवट नव्हता. इथे गिऱ्हाइकाच्या घरी पोचून फोनवर कामाच्या ॲपमधलं बटण दाबलं की घड्याळ सुरू होतं, चाळीस मिनिटांनी वाजतं आणि पाय संपतात. त्या संपण्यासाठी ती घराबाहेर पडली होती. आता दुपारी सासूबाईंपाशी नणंद बसते, तोंड वाकडं करून.

या घरची सून दारातच उभी होती, नाकाला रुमाल लावून.

"आईंचे पाय मला नाही हो धरवत. किळस येते. म्हणून तुम्हाला बोलावलं." भाजी महाग झाली म्हणावं तसं सहज.

टाच घासता घासता तिच्या हातातली कानस थांबली. असं म्हणता येतं? आठ वर्षं 'किळस' हा शब्द तिनं कडू औषधासारखा गिळला होता.

खुर्चीतल्या म्हातारीनं ऐकलं असावं. ती भिंतीकडेच बघत राहिली, पण पाय किंचित आखडला. कानस धरल्या हातानंच तिनं तो पुन्हा आपल्या मांडीवर ओढून घेतला — टाचेच्या भेगा, घोट्याची सूज, बोटांच्या बेचक्या...

"अजून किती वेळ?" सुनेनं विचारलं.

कानस खाली ठेवून तिनं फोन उचलला. चाळीस मिनिटं शिल्लक. पूर्ण चाळीस. बटण दाबायचंच राहिलं होतं. आत आली, म्हातारी दिसली, आणि हातांनी आपोआप तिचे पाय ओढून घेतले. पाणीसुद्धा दोनदा बदलून झालं होतं. जित्याची खोड, नणंद म्हणाली असती.

किळस पुन्हा घशाशी आली, पण या खेपेला नखाची नव्हे. आपल्याच हातांची.

"दुसरा राहिलाय गं," म्हातारी हळूच म्हणाली.

ओला अंगठा बटणावर अधांतरी राहिला. आता दाबलं की हिचे पाय सुरू होणार... मग इतका वेळ धुतले ते कुणाचे?