आसरांना पुरतं रडू द्या

खिंडीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नारळवाला आला होता, फुगे-पिपाण्या विकणारा आला होता, वैजापूरच्या बाजाराला निघालेले लोक टेम्पो थांबवून वर चढत होते. कारण काय, तर आमच्या गावची पाइपलाइन रडत होती.

खरोखर रडत होती हो! खाली विहिरीवर पंचायतीच्या शिपायानं, सांडूनं, मोटार चालू केली, की थोड्या वेळानं खिंडीतल्या शेंदरी दगडांच्या ढिगातून बारीक, लांबलचक सूर निघायचा. एखादीनं गळा काढावा तसा. बायका पदर तोंडाला लावायच्या, म्हातारे जमिनीवर डोकं टेकायचे.

“आसरा रडतायत, साती आसरा!” जलवाले महाराज दोन्ही हात वर करून ओरडायचे. “विहिरीच्या मालकिणी आहेत त्या, बेटा. त्यांचं पाणी डोंगरापल्याड चाललं. रडतील नाय तर काय हसतील? मेरे को सपने में आकर बोल्या, पाणी गया तो विहीर कोरडी करेंगे!”

पाण्यातल्या आमच्या देवींना हिंदी कधीपासून येऊ लागलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता भानगड काय होती ते सांगतो. आमची गावविहीर पाझर तलावाच्या पायथ्याशी आहे. भर उन्हाळ्यातही तिचं पाणी काठावरून वाहतं आणि ओढ्यानं थेट फकिरा पाटलांच्या कांद्यात जातं. खिंडीपलीकडं मेंढरं पाळणाऱ्यांची वाडी. तिथं किती बोअर घेतले, नुसता फुफाटा निघाला. वाडीच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन हीच खिंड चढत-उतरत होत्या.

सरपंच चतुराबाईंनी ठरवलं की हे वरचं पाणी वाडीला द्यायचं. विहिरीवर मोटार बसवायची, पाइप खिंडीपर्यंत चढवायचा आणि पलीकडं वाडीच्या टाकीत उतरवायचा. विहिरीच्या आत त्यांनी स्वतः उभं राहून चुन्याचा पट्टा मारून घेतला. पाणी पट्ट्याखाली गेलं की मोटार बंद, खालचं पाणी गावाचं. चतुराबाई फकिरा पाटलांच्या चुलत भावजय. पाटलांनीच त्यांना सरपंच केलं होतं, सही करण्यापुरतं. बाई मात्र कामाला लागल्या.

पाइप खिंडीत पोचला आणि पाटलांच्या मळ्यात महाराज उतरले. पाइपातली हवा निघून जावी म्हणून खिंडीच्या माथ्यावर एक उभी नळी ठेवली होती. एका सकाळी त्या नळीभोवती सात शेंदरी दगड रचलेले दिसले. महाराज म्हणाले, स्वयंभू प्रकटले. आमच्याकडं दगडाला एकदा शेंदूर लागला की संपलं. रस्ता त्याला वळसा घालून जाईल, पण माणूस हात लावायचा नाही. मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. दगड हलवून बघू म्हणालो, तर लोक माझ्याच अंगावर आले.

पण एक गोष्ट मला खटकत होती. रडणं सुरू झालं की घाबरून मोटार बंद करायची आणि मोटार बंद झाली की रडणंही बंद. लोक म्हणायचे, बघा, देवी शांत झाली. अहो, फुंकणारा थांबला की सनईसुद्धा शांत होते! मी हे चतुराबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या,

“मास्तर, म्हंजे आजवर कुणी त्यांला पुरतं रडूच दिलं नाय?”

“नाही.”

“मग रडू द्या की उद्या!”

उद्या म्हणजे ही सकाळ. पाइप ठेवायचा की उखडायचा हे ठरवायला, महाराजांच्या हट्टानं ग्रामसभा खिंडीतच भरली होती. हात वर झाले असते तर पाइप उखडला असता आणि वाडीच्या डोक्यावरचा हंडा कायमचा राहिला असता.

चतुराबाई सभेत नव्हत्या. त्या खाली मोटारीच्या खोलीत, आतून कडी लावून बसल्या होत्या.

मोटार सुरू झाली. दगडांतून सूर निघाला. महाराजांनी अंगात आल्यासारखी मान घुमवली, फकिरा पाटलांनी उपरणं हलवून खाली सांडूला खूण केली, “बंद कर!”

सांडू खोलीबाहेर उभा राहून बंद दाराकडं बोट दाखवत ओरडला, “आत सरपंचबाई हायती!” मोटार चालूच राहिली. रडणं वाढलं.

“वहिनी! आवो वहिनी, बंद करा!” पाटील ओरडले.

खालून, खोलीच्या खिडकीतून चतुराबाईंचा खणखणीत आवाज आला, “भावजी, देवीचं गाऱ्हाणं पुरतं ऐकू द्या! मधीच तोंड दाबू नगा तिचं!”

गर्दीत पळापळ झाली. तेवढ्यात वाडीची बानाबाई पुढं आली. तिची सून राजाबाई गरोदरपणी याच उतारावर हंड्यासकट पडली होती. पोटातलं मूल गेलं होतं.

“खबरदार बेटी!” महाराज आडवे झाले. “दगडाला हात लावशील तर भस्म होशील!”

“व्हय बाजूला!” बानाबाई म्हणाली. “माझी सून इथं पडली, रगतानं दगड भिजले, तवा न्हाई रडल्या तुझ्या आसरा? आता पाणी चाललं तर रडाया लागल्या व्हय? मला बघू दे त्यांचं तोंड!”

तिनं पहिला दगड उचलला आणि बाजूला टाकला. मग दुसरा, मग तिसरा. बाईला काहीच झालं नाही. शेवटचा दगड निघाला आणि सगळ्यांना ती नळी दिसली. नळीचं तोंड ओल्या मातीनं लिंपलेलं होतं आणि मातीत रोवलेली होती जत्रेतली एक पिपाणी. ती जीव तोडून वाजत होती.

कुणी काही बोलायच्या आत आसरांनी गुळणी केल्यासारखा आवाज केला. पाणी माथ्याला पोचलं होतं. पिपाणी मातीसकट उडाली आणि पाण्याची धार थेट महाराजांच्या दाढीवर बसली.

पहिल्यांदा हसला तो पिपाणीवाला. मग खिंड हसली. मी धार अंगावर घेत ओरडून सांगितलं, “मोटार चालू झाली की पाणी पाइपातल्या हवेला पुढं ढकलतं. हवा या नळीतून बाहेर पडते. वाटेत पिपाणी ठेवली की ती वाजणारच. शाळेतलं पोरगंही वाजवील!”

महाराज उतारावरून सटकले. पाटील खाली मान घालून उभे होते.

“मास्तर, पण विहीर आटली तर?” ते हळूच म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. प्रश्न खरा होता. हाच प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी ग्रामसभेत विचारला असता, तर चुन्याचा पट्टा दाखवून उत्तर देता आलं असतं, हवं तर पट्टा वर घेता आला असता. देवीशी वाद घालता येत नाही, म्हणूनच तिला मध्ये आणलं होतं. तेव्हा मित्रहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो पुरता होऊ द्या, आणि त्यात कुणाचं पाणी अडतंय ते बघा.

बानाबाई पलीकडच्या कड्यावर जाऊन ओरडली, “राजे, टाकीचा व्हॉल्व्ह उघड गं!”

नळीतली धार खाली बसली. थोड्या वेळानं वाडीतून बायकांचा कल्ला ऐकू आला. चतुराबाई वर आल्या, मतं घेतली. पाइप उखडायला एकही हात वर झाला नाही.

ते सात दगड बानाबाईनं वाडीत नेले आणि घासून शेंदूर काढला. आज टाकीच्या नळाखाली राजाबाई त्यांच्यावर धुणं धुते.