दोन जबान्या

इतिहास कसा शिकवावा यावर परभणीच्या शिबिरात माझं भाषण झालं. जिल्हाभरच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या वेळी चारचौघांनी पत्तासुद्धा मागून घेतला. शहाणा माणूस म्हणून माझी गणना तेव्हापासून होते. तो शहाणपणा कुठून आला ते मात्र त्या भाषणात नव्हतं.

साल त्र्याहत्तर. मी आमच्याच गावच्या शाळेत सातवीला शिकवत होतो. इतिहासाच्या तासाला पोरं सुई टोचून घ्यायला बसवल्यासारखी बसत. पुस्तकात पुणं होतं, सातारा होता, दिल्ली तर पानापानावर होती. सोनपेठच्या बाजारापलीकडं न गेलेल्या लेकरांना त्याचं काय कौतुक? सनावळ्या घोकायच्या आणि परीक्षेत ओकायच्या, एवढाच त्यांचा इतिहासाशी संबंध होता. एक दिवस वैतागून मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "निजामाचं राज्य जाऊन यंदा पंचवीस वर्षं होतात. आपल्या गावात तेव्हा काय काय झालं, ते आपणच लिहायचं. घरोघरच्या म्हाताऱ्यांना विचारून या."

नियम एकच केला. एकानं सांगितलं तर ती नुसती गोष्ट. दुसऱ्या घरच्या माणसानंही तेच सांगितलं तर तो इतिहास. दोन जबान्या असल्याशिवाय मोठ्या वहीत ओळ चढणार नाही.

पोरं अशी पेटली की बघायचं काम. चंद्रभाननं आज्जीच्या उतरंडीतून निजामाच्या वेळचा हाली सिक्का काढून आणला. दोन पोरं रझाकारांचे घोडे किती होते यावरून मारामारीवर आली, शेवटी तिसऱ्या म्हाताऱ्याला विचारून वाद मिटवला. बोर्डावर खडू न लावता महिनाभर वर्ग चालला. मला स्वतःचाच हेवा वाटायचा.

आबासाहेबांनी आपणहून निरोप धाडला. ते जिल्हा परिषदेचे सदस्य, शाळा समितीचे अध्यक्ष आणि मागच्याच साली ताम्रपट मिळालेले स्वातंत्र्यसैनिक. ओसरीवर लोडाला टेकून त्यांनी जबानी दिली. अठ्ठेचाळीस साली गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, थडीला उसात लपलेल्या चळवळीतल्या माणसांना रोज रात्री भाकरी पोचवली, रझाकारांनी धरलं, चावडीपुढं झोडपलं, तरी कुणाचं नाव सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या दोस्तानं, बन्सीधरनं, मान डोलावली. झाल्या दोन जबान्या.

मी त्यांच्या घरचा चहा प्यायलो आणि सगळं लिहून घेतलं. आबासाहेब त्या धामधुमीच्या सहा महिन्यांत वऱ्हाडात सासुरवाडीला होते, हे गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण मोठ्यांच्या दारात बसून कुणी असलं बोलतं का?

दोन दिवसांनी सत्यशीलानं कागद दिला. बौद्धवाड्यातली पोर, वर्गात पहिली, अक्षर छापल्यासारखं. लिहिलं होतं: 'माझे आजोबा सिताराम गावचे येसकर होते. गावाचे निरोप तेच पोचवत. म्हणून रात्री फिरताना कुणाला संशय येत नसे. ते उसातल्या माणसांना भाकरी नेत. चावडीपुढं त्यांना मारलं. आठव्या दिवशी ते वारले. त्यांनी नाव सांगितलं नाही. सांगणार: आजी सरजाबाई.'

"ही एकच जबानी झाली," मी म्हणालो.

"व्हय गुरुजी. आज्जी म्हनली, दुसरी तुमच्याच घरी हाय. भाकरी तुमच्या मायनं थापल्यात."

खरं होतं ते. मी नऊ वर्षांचा होतो. सितारामला चावडीपुढं पाडलं तेव्हा आईनं माझे डोळे पदरानं झाकले होते, पण लुगडं जुनं, विरलेलं होतं. सगळं दिसलं.

घरी आईला विचारलं. गुडघ्यांनी तिला वर्षभर अंथरुणावर खिळवलेलं, पण उठून बसली. "लिही की! सात भाकरी आन् ठेचा. सिताराम मागल्या दारी यायचा. मी वरूनच टाकायची त्याच्या पदरात, शिवायची न्हाई. त्ये बी लिही. त्यानं माजं नाव सांगितलं असतं तर आपलं घर ऱ्हायलं नसतं, रंगनाथ."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. तिनं अंगठा उठवला. मग तो कागद मी माझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवला.

रात्रभर हिशेब केला म्हणा ना. हे वहीत चढलं तर आबासाहेबांचा ताम्रपट खोटा. आबासाहेब खोटे ठरले तर माझी बदली जिंतुराच्या डोंगरात, आणि आईचे हे गुडघे. सबबी शोधायला मास्तराइतकं हुशार कोण?

सकाळी सत्यशीला दारातच उभी होती. "काय म्हनल्या?"

"आईला आठवत नाही."

"आन् तुमाला?"

"मी लहान होतो."

नियम माझा होता आणि तो तिनं पाळला. नीचपणाला खालचा थर नसतो, हे मला तेव्हा कळलं: मोठी वही सुवाच्य हवी म्हणून आबासाहेबांचं पान मी तिच्याकडूनच लिहून घेतलं. एकही खाडाखोड नव्हती.

सतरा सप्टेंबरला, निजामाचं राज्य गेलं त्या दिवशी, झेंडावंदन झालं. विस्तार अधिकारी दिनकरराव आले होते. त्यांनी वही उघडली आणि नेमकं तेच पान मोठ्यानं वाचायला घेतलं. मागं बायकांत सरजाबाई पांढरं लुगडं नेसून बसली होती. ऊस आला, भाकरी आल्या, चावडी आली, तशी तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या खांद्यांवरून दिसत होतं, ती रडत होती. शेवटी दिनकरराव म्हणाले, "हे शूर तरुण म्हणजे आपले आबासाहेब!" टाळ्या पडल्या. सरजाबाईचा पदर तोंडावर होता तसाच राहिला.

पांगापांग झाल्यावर ती माझ्यापुढं आली. "मास्तर, रुख्मिणीबाईला इचारलं व्हतं का?"

"विचारलं. तिला काही आठवत नाही."

"इसरली?" ती माझ्याकडं बघत राहिली. "बरं." नातीचा हात धरून ती निघून गेली.

दिनकररावांनी माझी पाठ थोपटली, शिबिरात बोलायला यायलाच हवं म्हणाले. जेवणं आटोपून मी घरी आलो. आई दाराकडं तोंड करून बसली होती.

"वाचलं का रे सितारामाचं?"

"वाचलं."

"भाकरी, चावडी, समदं?"

"सगळं."

"सरजी आली व्हती का?"

"आली होती. रडली."

आईनं डोळे पुसले. "लय दिसाचं वझं उतरलं माजं," ती म्हणाली. "उद्या तिला घरी बोलीव. ह्या टायमाला आत घेऊन जेवू घालते."

मी बरं म्हणालो.