हाशमभाईंची पकड

चांगला गडी आम्ही घडवायचा आणि दुसऱ्यांनी आयता उचलायचा, हे सौदीतल्या यान्बूच्या कबड्डी लीगमध्ये ठरलेलंच! तिथल्या एका बड्या कंपनीच्या क्लबाकडे मॅट, बूट, एसी बस. आमच्या रत्नागिरी संघाकडे वाळू आणि हाशमभाई. हाशमभाई म्हणजे आमच्या मेसचे आचारी, वय त्रेपन्न. दर शुक्रवारी आधी आम्हाला पोटभर जेवू घालायचे, मग संध्याकाळी सरावाला पळवून पळवून ते जिरवायचे.

यंदा क्लबाने अयानला नेलं. आमचा सगळ्यात तेज चढाईपटू! पक्की नोकरी दिली, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवानाही आपल्या कंपनीवर करून घेतला. तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी तोंड फिरवलं. हाशमभाईंनी मात्र त्याला डबा भरून दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि नशीब बघा, शेवटचा सामना त्याच क्लबाशी. हरलो तर संघ लीगबाहेर. आम्ही उरलो सहाच जण.

"रूपेश, कप्तान ना तू? लिही माझं नाव," हाशमभाई म्हणाले आणि लुंगी सोडून हाफपँट चढवली. लोक हसले. हसू देत!

काय खेळला हो म्हातारा! शेवटी गुण सारखे आणि चढाई अयानची. तो गुण घेऊन परतला की आमचा खेळ खलास. धरला तर वाचलो. तो सरळ हाशमभाईंवर चालून गेला. पाय पुढे टाकला, आणि क्षणभर तिथेच ठेवला. हाशमभाईंनी घोटा धरला. आम्ही सगळे वर पडलो. शिट्टी झाली!

मी ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात? डोळे पुसून बघतो तर हाशमभाई अयानचा घोटा चोळतायत आणि सांगतायत, "पाय टाकलास का लगेच उचलायचा. थांबलास, म्हणून गावलास."

"अहो हाशमभाई, त्याला कसलं शिकवताय? पुढच्या वर्षी आपल्यालाच लोळवेल तो!"

"लोळवू दे की. माझं शिकवायचं अर्धं राहिलं होतं."

अयान उठून पाय टाकून बघत होता, आणि पुन्हा तिथेच चुकत होता. मला राहवेना.

"असा नव्हे रे गाढवा," मी त्याच्या अंगावर ओरडलो आणि पाय टाकून दाखवला, "हा असा!"